मुलाच्या खुर्चीचं काय करायचं?

पत्राचा सारांश: वाचक बावन्न वर्षांचे आहेत. मूळचे कोल्हापूरचे, गेली तेवीस वर्षं लंडनजवळ राहतात. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या एका क्लबाची दोन सीझन तिकिटं (घरच्या मैदानावरच्या हंगामभराच्या मॅचचा पास) त्यांच्याकडे अकरा वर्षं आहेत, एक स्वतःचं आणि एक मुलाचं. पहिल्यांदा घेतली तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. आता तो एकोणीसचा आहे आणि गेल्या सप्टेंबरपासून स्कॉटलंडला शिकायला गेलाय. या हंगामात घरच्या मैदानावर झालेल्या 18 मॅचपैकी तो 4 मॅचना आला. 6 वेळा त्याची खुर्ची मित्रांना दिली, 8 वेळा ती रिकामी राहिली. वाचक स्वतः 15 मॅचना गेले. यंदा दोन्ही तिकिटांचे मिळून 1,700 पौंड भरले होते (स्वतःचे 1,080, मुलाचे 620). पुढच्या हंगामासाठी क्लबाने 1,900 मागितलेत (1,140 आणि 760). महिनाअखेर शेवटची तारीख आहे. पत्नीचं म्हणणं, या पैशांत कोल्हापूरला वाचकांच्या आईकडे एक फेरी जास्तीची होईल. वाचक लिहितात, ‘एकदा जागा सोडली की परत मिळायची नाही. मुलाची खुर्ची सोडली तर त्याला काय वाटेल? आणि टीम अडचणीत असताना तिकीट टाकून देणं म्हणजे पाठ फिरवणंच की. झोप लागत नाही, सल्ला द्या.’

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते पैशांचं पत्र वाटलं. पण चार पानांत पैशांच्या ओळी जेमतेम सहा. बाकी सगळं खुर्च्यांबद्दल आहे: कुठल्या रांगेत, तिथून कोपरा कसा दिसतो, पावसात छपराचं पाणी नेमकं कुठवर येतं, पुढच्या रांगेतले आजोबा थर्मासच्या झाकणात तुम्हाला चहा कसा ओतून देतात आणि तुम्ही डब्यातलं भडंग त्यांच्यापुढे कसं धरता. अकरा वर्षं हाफ टाइमला हेच. पहिल्या हिवाळ्यात मुलाचा हातमोजा सारखा खाली पडायचा आणि दर वेळी आजोबा वाकून तो उचलून द्यायचे, हेही तुम्ही लिहिलंय. ज्याला निव्वळ पैशांचा हिशेब करायचा असतो त्याला हातमोजा आठवत नाही.

म्हणून आधी तुमच्या त्या ‘पाठ फिरवणं’ या शब्दाबद्दल बोलते. झोप त्यानंच उडवलेली दिसते.

माझं माहेर कोल्हापूरचं. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं तुम्हाला सांगायला नकोत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वडिलांच्या शेजारी बसून तुम्ही मॅच बघितल्या, घसा बसेपर्यंत ओरडलात. तुम्ही कुठल्या तालमीचे, हे तुम्ही ठरवलं नव्हतं. ज्या पेठेत जन्मलात तिथली तालीम तुमची. हरली तरी तुमची, दहा वर्षं कोल्हापूरला गेला नाहीत तरी तुमचीच. पेठेतून कुणाला कधी ईमेल येत नाही की महिनाअखेरपर्यंत पैसे भरा, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला देऊ.

तुम्ही इंग्लंडला आलात ते तालमीचं हे नातं मनात घेऊन, आणि एका क्लबावर जीव लावलात. यात चूक काहीच नाही. तिथल्या जुन्या घराण्यांतही असंच चालतं, आजोबांचा क्लब नातवाचा होतो. पण पेठेशी तुमचं नातं एकपदरी होतं आणि क्लबाशी असलेलं दोनपदरी आहे. एक पदर मनाचा. दुसरा व्यवहाराचा, त्यात एक कंपनी तुम्हाला 19 मॅच बघायचा हक्क विकते आणि दर वर्षी नवा भाव सांगते. हे दोन पदर तुमच्या मनात एकमेकांत गुंतलेत, म्हणून व्यवहाराला ‘नाही’ म्हणायची वेळ आली की मनालाच दगा दिल्यासारखं वाटतं.

तिथल्या चाहत्यांनी हे दोन पदर सुटे करून दाखवलेत. 2016 साली 6 फेब्रुवारीला ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर लिव्हरपूलची सुंदरलँडशी मॅच होती. पुढच्या हंगामापासून नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं होणार असं जाहीर झालं होतं. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला हजारो लोक उठले आणि चालू मॅचमधून बाहेर पडले. लिव्हरपूल तेव्हा दोन-शून्यनं पुढे होतं, मॅच दोन-दोन अशी सुटली. काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. पुढे दोन गोल असताना उठून गेलेल्या त्या माणसांना बेइमान कोण म्हणेल? त्यातली कित्येक घरं तीन-तीन पिढ्या त्या मैदानावर येत होती.

आणखी पुढे गेलेलेही आहेत. लंडनमधल्या विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायचं ठरलं तेव्हा, 2002 मध्ये, चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचाच क्लब काढला. अगदी तळातल्या लीगपासून सुरुवात केली आणि 2020 मध्ये प्लाऊ लेनवर, म्हणजे जुन्या मैदानाच्या परिसरात, परत आले. मँचेस्टर युनायटेड ग्लेझर या अमेरिकन कुटुंबाच्या ताब्यात गेल्यावर काही चाहत्यांनी 2005 साली एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर उभा केला. त्यांनी सीझन तिकीट सोडलं आणि फुटबॉलशी नातं टिकवलं. तुम्ही नवा क्लब काढा असं मी म्हणत नाही. पाठ न फिरवताही खुर्ची सोडता येते, एवढंच दाखवायचं होतं.

टीम अडचणीत आहे हा तुमचा मुद्दा मात्र मला मनापासून समजतो. खाली घसरणाऱ्या टीमला भरलेलं स्टेडियम लागतं. पण तुमची खुर्ची तुम्ही सोडल्यावर रिकामी राहील का? प्रतीक्षा यादी मोठी आहे असं तुम्हीच लिहिता. म्हणजे तिथे दुसरं कुणी तरी येऊन ओरडणारच. उलट मुलाची खुर्ची या वर्षी आठ वेळा खरोखर रिकामी होती. टीमच्या बाजूनं बघितलं तर पैसे भरलेल्या रिकाम्या खुर्चीचा तिला आवाजी उपयोग शून्य.

आता प्रतीक्षा यादीची भीती. ती खरी आहे. मोठ्या क्लबांत एकदा सोडलेली जागा वर्षानुवर्षं मिळत नाही. पण भीती एका वेळी एकच बाजू दाखवते. ‘परत मिळणार नाही’ हे वाक्य ऐकलं की माणूस ‘मला हवंय का’ हे विचारायचंच विसरतो. पुढच्या वर्षी तुम्ही मॅचना जाणार आहात का, हा तुमच्यापुढचा प्रश्न आहे. पाच वर्षांनी जागा मिळेल का, हा त्याच्यानंतरचा.

तुमच्या आकड्यांकडे एकदा बघू या. तुम्ही स्वतः 15 मॅच बघितल्या, 1,080 पौंडांत, म्हणजे मॅचमागे 72 पौंड. पुढच्या वर्षी तेवढ्याच बघितल्यात तर 76. स्वस्त नाही, पण एवढ्या आनंदासाठी ज्याला परवडतं त्यानं अपराधी वाटून घ्यावं असंही काही नाही. आता मुलाचं तिकीट. 620 पौंडांत तो चार मॅचना आला, म्हणजे मॅचमागे 155. वर स्कॉटलंडहून येण्याजाण्याचं रेल्वेचं भाडं वेगळं. पुढच्या वर्षी अभ्यास वाढेल, तिकडचे मित्र वाढतील. त्या 760 पौंडांत बहुतेक चारच्या तीन मॅच होतील.

हा हिशेब तुम्हाला येत नव्हता असं नाही. तुम्ही तो केला नाहीत, कारण तो केला की मुलगा मोठा होऊन घराबाहेर पडलाय हे कागदावर लिहिल्यासारखं होतं.

इथे मला तुम्हाला एक विचारायचंय, रागावू नका. मुलाला काय वाटेल, हे तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय. ‘त्याला वाईट वाटेल’, ‘त्याला वाटेल बाबांनी माझी जागाच काढून टाकली’, ‘तो बोलणार नाही पण मनात ठेवेल.’ त्याला विचारलं आणि तो असं म्हणाला, असं मात्र कुठेही नाही. तुम्ही विचारलेलंच नाही.

मला वाटतं तुम्ही विचारत नाही आहात ते त्याचं उत्तर सोपं असेल या भीतीनं. ‘बाबा, सोडा की, मी कुठे येतोय आता’ असं तो सहज म्हणून जाईल, आणि ते सहज म्हणणंच तुम्हाला लागेल. लागू द्या. आठ वर्षांच्या पोराला हाताला धरून जिन्यावरून वर नेलं आणि एकदम समोर हिरवंगार मैदान उघडलं, तेव्हा त्यानं तुमचा हात घट्ट धरला, असं तुम्ही लिहिलंय. तो क्षण क्लबाच्या तिकीट खिडकीत जमा नाही. 760 पौंड भरले नाहीत म्हणून तो कुणी परत नेणार नाही.

आणि कोण जाणे, तो उलटंही म्हणेल. परगावी एकटा असलेल्या मुलाला कधी कधी ‘तिथे माझी जागा आहे’ एवढ्यानंही आधार वाटतो. तसं असेल तर त्यालाच सांगू द्या, आणि मग ती जागा राखण्यात त्याचाही थोडा वाटा असू दे. पार्टटाइम कामातले महिन्याला पंधरा-वीस पौंड का होईना. तो स्वतः पैसे घालायला तयार आहे की नाही, यावरून त्याच्या मनातलं तुम्हाला दहा फोनांपेक्षा जास्त कळेल.

तुमच्या पत्नीबद्दल. त्यांचं एकच वाक्य तुम्ही लिहिलंत, ‘या पैशांत आईकडे एक फेरी होईल’, आणि पुढे ‘तिला फुटबॉल कळत नाही’ असा शेरा मारलात. मला त्या वाक्यात फुटबॉलविरुद्ध काही दिसलं नाही. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि ती तुमची आई आहे. सासूकडे जाऊ या असं सून सुचवतेय, हे जरा थांबून बघा. शिवाय अकरा वर्षांत किती शनिवार-रविवार तुम्ही दोघं बापलेक बाहेर होतात आणि त्या घरी होत्या? टीव्हीसाठी मॅच हलवतात तशी घरातली ठरलेली कामंही हलतात. शनिवारी तीनची मॅच रविवारी साडेचारला जाते, कधी सोमवारी रात्री. पाहुणे, लग्नं, दिवाळीचा फराळ, सगळं त्या वेळापत्रकाभोवती फिरवायचं काम घरातल्या दुसऱ्या माणसावर येतं. मुलगा गेल्यावर आता घरात दोघंच आहात. त्यांचा मुद्दा कदाचित त्या रिकाम्या घराचाही असेल. तेही विचारायला हवं.

मीही यातून गेले आहे. लग्नानंतर आम्ही इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये चौदा वर्षं राहिलो. तिथल्या एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबाची आमची दोन सीझन तिकिटं होती. एका वर्षी क्लबाने आमच्या बाजूच्या रांगा काढून तिथे जेवणाखाणाचे महागडे बॉक्स बांधायचं ठरवलं. आम्हाला गोलच्या मागची जागा देऊ केली, तीही जास्त पैशांत. यजमान म्हणाले, राहू दे. मी चार दिवस कुणाशी बोलले नाही. पहिला हंगाम जड गेला. शनिवारी दोन वाजले की पाय आपोआप कोटाकडे वळायचे. पण त्याच वर्षी आम्ही घरापासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका छोट्या मैदानावर जायला लागलो. कठड्याला टेकून उभं राहायचं, गोलकीपर डिफेंडरला काय ओरडतो ते शब्दन्‌शब्द ऐकू यायचं. मोठ्या मैदानाची सर त्याला नव्हती, आणि तरी ते आमचं झालं. आमच्या त्या जुन्या क्लबाचा निकाल मी आजही शनिवारी रात्री बघते.

तेव्हा माझं मत सरळ सांगते. तुमची खुर्ची ठेवा. मुलाची, त्याच्याशी बोलून, सोडा. तो पुढच्या वर्षी 15 मॅचना येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, आणि तुम्ही मात्र जाणार आहात. पंधरापैकी एका मॅचलाही ‘उगाच आलो’ असं तुम्ही लिहिलेलं नाही, सहा मॅच हरूनसुद्धा. वाचलेल्या 760 पौंडांना आजच नाव द्या: ‘आईकडची फेरी’. निराळ्या खात्यात टाका. नाव दिलं नाही तर ते किराण्यात आणि गॅसच्या बिलात विरघळतील, आणि वर्षअखेर खुर्चीही गेली, फेरीही झाली नाही, असं होईल. आणि फेरी ठरवायचीच तर फुटबॉलचा हंगाम चालू असताना ठरवा. कोल्हापुरातही आणि तुमच्याकडेही. तुमची एक मॅच बुडेल, पण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसायला मिळेल.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. तुमच्यासारखी पत्रं दर वर्षी या दिवसांत येतात, त्यामुळे त्या इतरांच्याही कामाच्या आहेत.

सोडण्याआधी क्लबाच्या तिकीट ऑफिसला फोन करा आणि विचारा, जागा पूर्ण सोडण्याच्या अलीकडे काय काय करता येतं. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, पण तुमच्या क्लबात तरुणांच्या सवलतीची वयोमर्यादा किती, हे नीट बघा. ती प्रत्येक क्लबात वेगळी असते. दुसऱ्या स्टँडमध्ये स्वस्त जागा मिळेल का? तुमची एकट्याची खुर्ची जागच्या जागी राहते ना, की एकच घेतली तर हलवतात? मुलाला साधं सभासदत्व घेऊन ठेवलं तर सुट्टीत आल्यावर एखाददुसरं तिकीट घेता येतं का? सीझन तिकीट आणि काहीच नाही, या दोहोंच्या मधली ही जागा बरेच जण विसरतात. वर्षाला चार मॅच बघणाऱ्यासाठी सभासदत्व हाच बहुधा योग्य रस्ता. शेजारी बसता येणार नाही, हे खरं. पण जाताना-येताना एकाच गाडीत असाल, आणि अर्ध्या गप्पा तर गाडीतच होतात.

एक गैरसमज बऱ्याच जणांच्या मनात असतो: तिकीट सोडलं तर घरी टीव्हीवर बघू. इंग्लंडात शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट फुटबॉल टीव्हीवर दाखवत नाहीत. माणसांनी मैदानावर जावं, खालच्या लीगची गर्दी कमी होऊ नये, यासाठीचा तो जुना नियम आहे. म्हणजे तुमच्या टीमची शनिवारी तीनची मॅच तुम्हाला रेडिओवर ऐकावी लागेल. दुसरं, अवे मॅचना, म्हणजे दुसऱ्या क्लबाच्या मैदानावरच्या मॅचना, जायची आवड असेल तर जपून. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या चाहत्यांचं तिकीट 2016-17 पासून 30 पौंडांच्या वर जात नाही, म्हणून ती मॅच कितीतरी वेळा घरच्या मॅचपेक्षा स्वस्त पडते. पण ही तिकिटं बहुतेक क्लब आधी सीझन तिकीटवाल्यांना, जुन्या हजेरीच्या क्रमानं देतात. जागा सोडली की तो क्रमही जाऊ शकतो. हे नीट विचारून घ्या.

मित्रांना खुर्ची दिलीत त्या सहा वेळांबद्दल काळजीनं सांगते. ज्यांनी फुकट पाहिली त्यांनी पाहिली, पण कुणाकडून पैसे घेतले असतील तर यापुढे नको. इंग्लंड आणि वेल्समध्ये क्लबाच्या परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं हा 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे. नफा घेतला नाही, ओळखीच्यालाच दिलं, ही सबब चालत नाही. क्लबाच्या ॲपवरून नाव बदलून पाठवा, किंवा क्लबाचीच परत विक्रीची सोय वापरा. तिथे जागा विकली गेली की बऱ्याच क्लबांत एका मॅचच्या वाट्याची रक्कम तुमच्या खात्यात जमा होते. मुलाच्या तिकिटाला भागिले 19 केलं तर मॅचमागे साधारण 33 पौंड. त्या आठ रिकाम्या मॅच तिथे टाकल्या असत्या आणि विकल्या गेल्या असत्या तर अडीचशेहून थोडे जास्त पौंड परत आले असते. आणि हो, सतत रिकामी राहणारी खुर्ची आता अनेक क्लबांच्या डोळ्यांवर येते. किमान अमुक मॅचना हजेरी हवी, नाहीतर पुढच्या वर्षी रिन्यू करू देणार नाही, असे नियम आलेत. आपल्याला वाटतं जागा जपायची की नाही ते आपण ठरवतो, तर तसं राहिलेलं नाही.

हप्त्यांनी भरत असाल तर हप्त्यांची एकूण बेरीज रोख रकमेशी ताडून बघा. कधी कधी मध्ये कर्ज देणारी कंपनी असते आणि तिचं व्याज हप्त्यात लपतं. आणि रिन्युअल आपोआप होतंय का ते आजच ॲपमध्ये बघा. ‘विचार करून सांगतो’ म्हणता म्हणता तारीख उलटते आणि दोन्ही तिकिटांचे पैसे बँकेतून गेलेले असतात.

दरवाढीबद्दल राग असेल तर तो मनात कुढत ठेवू नका. प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबाला आता चाहत्यांचं सल्लागार मंडळ असतं, आणि बहुतेक क्लबांच्या चाहत्यांची स्वतंत्र संघटनाही असते. तिचे सभासद व्हा, अनुभव लिहून पाठवा. ॲनफिल्डवर जे झालं ते एकेकट्यानं तिकीट फाडून झालं नव्हतं.

ज्यांची गोष्ट तुमच्यासारखी नाही त्यांच्यासाठी थोडं. क्रेडिट कार्डावर उधार घेऊन सीझन तिकीट भरणाऱ्यांनी या वर्षी थांबावं, त्यात मला दुमत नाही. ज्यांची मुलं लहान आहेत आणि खर्च झेपत नाही, त्यांनी महिलांच्या लीगच्या मॅच बघाव्यात. तिकीट पुरुषांच्या मॅचपेक्षा पुष्कळ स्वस्त, खेळ अव्वल. 2022 च्या महिलांच्या युरो स्पर्धेच्या फायनलला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर 87,192 माणसं होती, आणि इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला दोन-एकनं हरवलं. त्या वर्षी कित्येक लहान मुलींनी पहिल्यांदा बूट घातले. आणि जे इथे भारतात बसून हे वाचताहेत, गोव्यात फातोर्ड्याला किंवा मुंबईत अंधेरीला मॅच बघतात, त्यांना मी उलटं सांगेन. इथला फुटबॉल अजून उभा राहतोय. इंडियन सुपर लीग (आयएसएल) मधला पुण्याचा क्लब 2019 मध्ये बंद पडला, तेव्हा तिथल्या चाहत्यांना रिन्यू करायचं की नाही हे ठरवायची संधीसुद्धा मिळाली नाही. परवडत असेल तर इथे जरूर जा. इथे एकेक माणूस मोजला जातो.

परत तुमच्याकडे येते. मुलाला मेसेज करू नका, फोन करा. रविवारी दुपारी, तो उठून जेवला असेल तेव्हा. ‘तुझ्या खुर्चीचं काय करू?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. आधीच ‘तुला वाईट वाटणार नसेल तर’ असं जोडू नका. पत्नीला त्या वेळी शेजारी बसवा, फोन स्पीकरवर ठेवा. तिघांचं एकदम होऊ दे.

आणि एक राहिलं. पुढच्या रांगेतले आजोबा यंदा म्हणाले होते, ‘बघू, पुढच्या वर्षीचं काही नक्की नाही.’ चौऱ्याहत्तर वर्षांचे, एकटे येणारे. काही क्लबांनी ज्येष्ठांच्या सवलतीला हात घातलाय, तुमच्याकडे तसं आहे का ते कळलं नाही. कदाचित त्यांचंही कारण पैशांचं असेल, कदाचित गुडघ्यांचं. तुम्हाला त्यांचं आडनाव माहीत नाही आणि फोन नंबरही नाही, असं तुम्ही लिहिलंय. घरच्या मैदानावरची एक मॅच अजून बाकी आहे. मुलाला वेळ असेल तर त्यालाही बोलवा, त्याची खुर्ची या हंगामापुरती त्याचीच आहे. भडंगाचा डबा जरा मोठा न्या. हाफ टाइमला चहाचं झाकण हातात येईल तेव्हा आजोबांकडे तेवढा नंबर मागून घ्या.